मी फक्त जेवा म्हणालो

आमच्या मुलाचं, सागरचं लग्न एकदा मोडता मोडता राहिलं. हुंडा, पत्रिका, देणंघेणं यांतलं काहीही कारण नव्हतं. मी भरल्या पंगतीत उभा राहून लोकांना ‘जेवा’ म्हणालो, एवढंच.

(यात काय चुकलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. मी तर ते तीनदा म्हणालो.)

आधी माझ्याविषयी सांगतो, म्हणजे दोष कुणाच्या पदरात टाकायचा ते तुम्हाला सोपं जाईल. मी मूळचा शेळगावचा. नोकरीची सगळी वर्षं बारामतीच्या बसस्टँडवर माइकसमोर काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटली आणि कुठली आज येणारच नाही, हे लोकांना सांगणं हे माझं काम. पहिल्याच दिवशी मी माइकमध्ये म्हणालो, “इंदापूरला जानारी गाडी फलाट चारवर हुबी हाय.” साहेब केबिनमधून बाहेर आले. शांत माणूस. म्हणाले, “दत्तात्रय, ‘हुबी हाय’ नाही. ‘उभी आहे’. पहिल्या शब्दातला ह काढून टाका आणि दुसऱ्यातला जरा मागं सरकवा.”

तो ह सरकवायला मला दोन महिने लागले. पण सरकला तो कायमचा. ण आणि न वेगळे झाले, ‘न्हाय’चं ‘नाही’ झालं, आणि माझी जीभ इतकी स्वच्छ झाली की शेळगावला गेल्यावर मी आईला “पिण्याचं पाणी आहे का?” असं विचारलं. आईनं शेजारणीला हाक मारून दाखवलं, “आगं, बघ की, आमचा दत्तू रेडिओवानी बोलतुया.”

मला ते कौतुक वाटलं. तिथूनच माझी अशी समजूत झाली की भाषा ही आपल्याला जमणारी गोष्ट आहे.

सागर बंगळूरला नोकरीला लागला आणि तिसऱ्या वर्षी त्यानं सांगितलं की मला सौम्या नावाची मुलगी आवडते, ती गदगची आहे, घरी कानडी बोलतात. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकच प्रश्न विचारला. “ती माज्याशी कशी बोलायची?” सागर म्हणाला, “शिकतीय ती मराठी. रोज अर्धा तास.”

खरंच शिकत होती. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर यायची, वही घेऊन. ळ तिला इतका सुंदर यायचा की मी लाजलो. पण च आणि ज यांनी तिला घाम फोडला. आपल्या मराठीत दोन च आहेत आणि दोन ज आहेत, लिहायला मात्र एकेकच, हे मला नोकरी संपेपर्यंत माहीत नव्हतं. सौम्यानं दाखवून दिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “चहातला च वेगळा. चमच्यातला च वेगळा. पण चमचा चहातच असतो ना? मग असं का?”

मी म्हणालो, “नियम आहे.”

“काय नियम?”

“तो... सवयीचा आहे.”

तिनं वहीत लिहून घेतलं, ‘सवयीचा नियम’. पोरगी गुणी होती.

आता आबांची ओळख करून देतो. आबा म्हणजे सुनंदाचे थोरले भाऊ, सागरचे मामा. अंथुर्ण्याला असतात, ऊस आणि थोडी डाळिंबं. सागरचं जावळ त्यांच्याच मांडीवर काढलं, त्याला पहिली सायकल त्यांनीच आणली. माणूस प्रेमळ, पण मान ही गोष्ट ते साखर कारखान्यावरच्या वजनकाट्यासारखी अचूक मोजतात. एका भाच्याच्या लग्नपत्रिकेत त्यांचं नाव चौथ्या ओळीत छापलं गेलं, तर ते लग्नाला गेले, जेवले आणि कुणाशी एक शब्द न बोलता परत आले. सुनंदाला ते सोडून दुसरा भाऊ नाही.

एकदा आबा आमच्याकडं बारामतीत आलेले असताना सौम्याचा फोन आला. मी फोन त्यांच्यापुढं धरला. आबांनी टोपी सारखी केली, दोन शब्द बोलले आणि “बरं पोरी, निगतो आता” म्हणून उठले. सौम्यानं आदरानं विचारलं, “मामा, जात?”

तिला विचारायचं होतं, जात आहात का. पण त्यासाठी जावयातला ज लागतो. तिनं जेवणातला ज लावला.

आबा अर्धवट उठलेले तसेच थांबले. माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं. नंतर पुन्हा खुर्चीत बसले आणि गंभीरपणे, एकेक शब्द सुटा करून, त्यांनी तिला आपली जात सांगितली. कूळ सांगितलं. देवक सांगितलं. आजोळ कुठलं तेही सांगितलं. सौम्याला त्यातलं काही कळलं नाही. ती हसून म्हणाली, “बरं बरं. सावकाश जा.”

जिन्यात आबा मला म्हणाले, “दत्तूराव, पोरगी चांगली दिसती. पर पयल्याच भेटीत जात इचारली. आमी तिची इचारली न्हवती.”

मी समजावलं. जावयातला ज आणि जेवणातला ज असं बरंच सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं, पण काट्यावर काहीतरी पडलं होतं ते मला दिसलं.

त्यानंतर ठरलं की सौम्याच्या आईवडलांनी आमचं घर बघायला यायचं. बारामतीतला फ्लॅट काय दाखवायचा, म्हणून शेळगावच्या शेतातल्या घरी बोलवायचं. सागर आणि सौम्याला रजा मिळेना. म्हणजे मोठ्या माणसांनी आपापलं निभावायचं. तिचे वडील, बसवराज सर, शाळेत गणित शिकवायचे. त्यांना कामापुरती हिंदी यायची. आई, गिरिजम्मा, यांना कानडीशिवाय काही येत नव्हतं.

मी सुनंदाला म्हणालो, “आपल्या घरी येऊन त्या बाईंनी मुक्यानं बसायचं, हे बरं दिसत नाही. मी कानडी शिकतो.”

“किती दिवसांत?”

“दोन आठवडे आहेत.”

ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमी बसा की मुक्यानं.”

पण मी ठरवलं होतं. आमच्या घराजवळ एक बेकरी आहे, तिचे मालक रंगण्णा कर्नाटकातले, हासनकडचे. मी त्यांना गाठलं. ते म्हणाले शिकवतो, पण गिऱ्हाईक आलं की थांबायचं. फुकट शिकायला मला संकोच वाटायचा, म्हणून प्रत्येक धड्याला मी खारीचा एक पुडा घ्यायचो. दुसऱ्या आठवड्यात सुनंदानं खारीचा चिवडा करून बघितला. (तो होत नाही.)

कानडी अवघड नाही, असं मला पहिले दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी रंगण्णांनी तीन शब्द सांगितले. हालु म्हणजे दूध. हल्लु म्हणजे दात. हुल्लु म्हणजे गवत.

“सर, लांब म्हणा. हाऽलु.”

“हल्लु.”

“हा दात झाला.”

“हुल्लु.”

“हे गवत.”

“रंगण्णा, मी तेच म्हणतोय.”

“नाही सर,” ते पाव कापत शांतपणे म्हणाले, “तुम्ही जनावरांचं बोलताय.”

मी रोज सकाळी कालव्याच्या कडेनं फिरताना हे घोकायचो. फिरायला येणाऱ्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी दोनदा थांबून माझी चौकशी केली. शेवटी रंगण्णांनी माझी शक्ती ओळखली आणि म्हणाले, “सर, जास्त नको. एक वाक्य पक्कं करा. तुम्ही यजमान. ऊट म्हणजे जेवण. माडी म्हणजे करा. ऊट माडी. जेवण करा. हे एक म्हणालात की आमच्या माणसाचं पोट भरलं.”

ऊट माडी. यात काही लांबवायचं नव्हतं, काही दाबायचं नव्हतं. मला ते पहिल्या फटक्यात आलं. रंगण्णा म्हणाले, “अगदी आमच्यासारखं.” त्या दिवशी मी दोन पुडे घेतले.

पाहुणे यायचा दिवस उजाडला. अंथुर्ण्याहून आबा, मामी आणि त्यांची दोन मुलं अकरालाच आली. पाहुणे लिंगायत, म्हणून स्वयंपाक शाकाहारी, पुरणपोळी आणि कटाची आमटी. आबांना घरात शिरतानाच मटणाच्या रश्श्याचा वास आला नाही हे जाणवलं, पण ते काही बोलले नाहीत. एक वाजला. फोन आला, निमगाव केतकीचा बाजार होता, पाहुण्यांची गाडी गर्दीत अडकली होती. आबांना साखरेचा त्रास, वेळेवर खावं लागतं. सुनंदा म्हणाली, “आबा, तुमी घ्या की खाऊन दोन घास.” आबा म्हणाले, “पाव्हण्याच्या आदी? न्हाय.”

दोनला गाडी आली. बसवराज सर उंच, पांढरा शर्ट. गिरिजम्मा बुटक्या, हसऱ्या, हातात पेढ्यांचा डबा. खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला. गिरिजम्मांचा चहा जरा काळा दिसला म्हणून मी दुधाचं भांडं पुढं केलं आणि माझं कानडी पहिल्यांदा जगासमोर आणलं.

“हुल्लु बेका?”

बेका म्हणजे पाहिजे का, हे बरोबर होतं. गिरिजम्मांनी दुधाच्या भांड्याकडं बघितलं, मग खिडकीतून गोठ्यातल्या म्हशींकडं, मग माझ्याकडं, आणि हळूच सरांना काहीतरी सांगितलं.

सर म्हणाले, “वो बोल रही है, चाय बस है. घास भैंस को दे दो.”

सगळे हसले, आबासुद्धा. वातावरण मोकळं झालं. माझी मात्र खात्री झाली की आता ते दुसरं वाक्य चोख म्हणून ही कसर भरून काढली पाहिजे.

पुढच्या मोठ्या खोलीत पंगत मांडली. एका बाजूला पाहुणे, समोर आमची माणसं, आणि मधोमध मानाच्या पाटावर आबा. पोळ्या वाढल्या, आमटी वाढली, मी तुपाचं भांडं घेऊन फिरलो. ताटं भरली आणि ती नेहमीची शांतता पसरली. पाहुणे यजमानांकडं बघतात, यजमान पाहुण्यांकडं, आणि कुणीतरी म्हणावं लागतं. आबांच्या हातात पहिला घास तयार होता.

मी पंगतीच्या मधे उभा राहिलो. घसा साफ केला. आणि ज्या आवाजात बारामतीच्या स्टँडवर पंचवीस गाड्यांच्या इंजिनांवरून लोकांना ऐकू जायचं, त्या आवाजात म्हणालो,

“ऊट माडी.”

आपल्याकडं ‘ऊठ’मधला ठ बोलताना कुणी पुरता म्हणत नाही. ‘ऊट’च म्हणतात. आणि आमच्या शेळगावच्या घराला वर माडी आहे. जिना त्या खोलीतूनच जातो. या दोन्ही गोष्टी मला जन्मापासून माहीत होत्या.

आबांचा घास तोंडाशी थांबला. घोषणा दोनदा करायची असते ही माझी जुनी सवय. मी पुन्हा म्हणालो, “ऊट माडी.”

आबांनी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती. मग बोट छातीला लावून बारीक आवाजात विचारलं, “मला?”

मला वाटलं, हा माणूस किती साधा. घरचा असून विचारतोय, मीही सुरुवात करू का. माझं मन भरून आलं.

“होय आबा,” मी प्रेमानं म्हणालो, “तुम्हालाच. सगळ्यांनाच. ऊट माडी.”

आबांनी घास ताटात ठेवला. हात ताटाच्या कडेवर झटकला. गुडघ्यावर हात देऊन उठले, आणि कुणाकडंही न बघता जिना चढून माडीवर गेले. त्यांच्यामागून मामी उठल्या. मग दोन्ही पोरं. एकेका पायरीचा आवाज येत होता. खाली आमच्या रांगेत चार भरली ताटं तशीच राहिली.

मला काही कळेना. आबांना साखर कमी झाली का, वर औषध राहिलं का. बसवराज सर बुचकळ्यात पडून जिन्याकडं बघत होते. ते अदबीनं म्हणाले, “ऊपर जाने का?”

आता इथं मी सरळ सांगायला हवं होतं की मलाही माहीत नाही. पण समोर होणारे व्याही. त्यांच्यादेखत आमची निम्मी पंगत उठून गेलेली. माझ्या तोंडून हिंदी निघून गेली.

“जी. हमारे यहाँ पहला खाना ऊपर होता है. रिवाज है.”

सरांनी हे गिरिजम्मांना कानडीत सांगितलं. त्यांनी भक्तिभावानं मान हलवली, ताट उचललं, आणि दोघंही हळूहळू जिना चढू लागले. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हरही ताट घेऊन निघाला. खाली मी आणि तुपाचं भांडं राहिलो. सुनंदा स्वयंपाकघरातून पोळ्या घेऊन आली आणि रिकामी खोली बघून उभी राहिली.

“समदी कुठं गेली?”

“वर.”

“कशाला?”

“मला माहीत नाही गं. मी फक्त जेवा म्हणालो.”

“काय म्हणला?”

“ऊट माडी.”

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. तिला एका क्षणात कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मलाही. तिनं माझ्या हातातलं तुपाचं भांडं काढून घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते.

आम्ही वर गेलो. माडीवर आमचा कांदा पसरलेला असतो. कांद्याच्या मधून जायला एक पाऊलवाट, आणि पलीकडं एक खाट. त्या खाटेवर आबा भिंतीकडं तोंड करून आडवे झाले होते. मामी उशाशी बसलेल्या. आणि कांद्याच्या अलीकडं बसवराज सर, गिरिजम्मा आणि ड्रायव्हर ताटं हातात धरून उभे.

सरांनी मला हळूच विचारलं, “ये सोना भी रिवाज है?”

“नहीं,” मी म्हणालो, “ये थकान.”

सुनंदा खाटेपाशी बसली. “आबा.”

आबा भिंतीशीच बोलले. “सुनंदे, त्या पोराला मी मांडीवर घेतलं. आन् आज भरल्या ताटावरनं मला ‘ऊठ’ म्हणला तुजा नवरा. व्याह्यादेकत. म्हटलं चुकून आसंल, म्हणून इचारलं, मला का? तर म्हणतुय, व्हय, तुमालाच.” त्यांनी पाय पोटाशी घेतले. “लग्नात मामानं पाठीमागं हुबं ऱ्हायचं असतं. दुसरं कोन तरी बघा.”

सुनंदानं पदर डोळ्याला लावला. मी पुढं झालो, “आबा, ते कानडी होतं,” पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते, आणि खरं सांगायचं तर ‘कानडीत ऊठ म्हणालो’ एवढंच त्यांना त्यातून कळलं.

गिरिजम्मांना शब्द कळत नव्हते, पण एक म्हातारा माणूस न जेवता पडलाय हे कळत होतं. त्यांनी आपलं ताट एका कट्ट्यावर ठेवलं, कांद्यातून वाट काढत खाटेजवळ गेल्या आणि आईनं मुलाला म्हणावं तसं म्हणाल्या, “ऊटा माड्री, अण्णा. ऊटा माड्री.”

आबा उठून बसले.

“आता ह्याबी उठा म्हणत्यात. माडीवर आलो की मी. आता काय पत्र्यावर जाऊ?”

बसवराज सरांना यातलं ‘उठा’ कळलं असावं. गणिताचा माणूस. ते खाटेच्या पायथ्याशी टेकले आणि सावकाश म्हणाले, “अण्णा, ऊटा मतलब खाना. माड्री मतलब करो. वो बोल रही है, खाना खाओ.” मग माझ्याकडं हात करून म्हणाले, “ये भी नीचे वही बोले. ऊट माडी. बेंगळूर तरफ का है. हम लोग माड्री बोलते हैं. पर बहुत अच्छा बोले.”

(म्हणजे मी हासनच्याऐवजी गदगच्या माणसाकडून शिकलो असतो, तर ‘माड्री’ म्हणालो असतो, आणि निदान जिना तरी वाचला असता.)

आबांनी माझ्याकडं बघितलं.

“म्हंजी तुमी जेवा म्हणला?”

“होय.”

“आन् मी ‘मला?’ म्हणून इचारलं तवा?”

“मला वाटलं, मी पण सुरू करू का, असं विचारताय.”

“मग सरळ जेवा म्हणायचं की, दत्तूराव.”

तो शब्द मला खारी न घेताही येत होता.

आबा पुढं बोलले, आता राग कमी होता, पण ते जास्त लागलं. “त्या स्टँडवर लागल्यापास्नं तुमी आमच्याशी बी गाडी सुटल्यागत बोलता. ‘यावे’, ‘बसावे’. आमी हसतो, सोडून देतो. पर आज मला खरंच वाटलं, ह्या माणसाला आपली आडचण झाली. पाव्हण्याम्होरं गावंढळ दिसतो म्हणून वर धाडलं.”

मी खाली बसलो, कांद्यातच. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या स्वच्छ बोलण्याचा यांना अभिमान आहे. तो ह मी सरकवला, तो यांच्यापासून थोडा मलाही सरकवून गेला, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि जे तोंडात आलं ते बोललो.

“आबा, चुकलं माजं. चला, दोन घास खावा. तुमी न्हाय जेवला तर कोन बी जेवायचं न्हाय हितं.”

काटा स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. मग आबा सुनंदाला म्हणाले, “माजं ताट आन वर. पोळी गार झाली आसंल, दुसरी दे.”

खाली कोणीच गेलं नाही. कांदा दोन्ही बाजूंना सारला, सतरंजी आणली आणि सगळे तिथंच जेवलो. मी सहा वेळा जिना उतरलो आणि चढलो, आमटी, पाणी, तूप. कुणी मला बस म्हणालं नाही आणि मी ते योग्यच मानलं.

गिरिजम्मा आबांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी एक कांदा उचलून दाखवला आणि म्हणाल्या, “उळ्ळागड्डी.”

आबांनी घास गिळला आणि म्हणाले, “उळ्ळागड्डी.”

सर थक्क झाले. “एकदम करेक्ट.”

दोन आठवडे, चौदा पुडे खारी, कालव्याच्या कडेनं रोज तासभर, आणि इथं आबांनी पोळी चावता चावता ते केलं. मग पोळीकडं बोट दाखवून गिरिजम्मा म्हणाल्या, “होळगी.” आबा म्हणाले, “होळगी.” तेही बरोबर. जाईपर्यंत त्यांनी नऊ शब्द उचलले होते आणि निघताना गाडीच्या खिडकीपाशी जाऊन सौम्याच्या आईला मराठीतनं सांगितलं, “काळजी करू नगा. पोरीला आमी संबाळतो.” गिरिजम्मांनी कानडीत काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. दोघांनीही समाधानानं माना हलवल्या.

लग्न गदगला झालं. ऐन उन्हाळ्यात. सागरच्या पाठीमागं आबा फेटा बांधून उभे राहिले आणि अक्षता पडेपर्यंत हलले नाहीत. आता सगळं सुखरूप झालं असं मी मनात म्हणतोय, तोवर बसवराज सर आले आणि आम्हा सगळ्यांना जेवायला घेऊन निघाले. कार्यालयाचा जेवणाचा हॉल तळमजल्यावर होता, पंखे फिरत होते, आत लोक आरामात जेवत होते. सरांनी आम्हाला त्याच्या दारावरून पुढं नेलं आणि जिन्याकडं हात केला.

“आप लोगों का इंतजाम ऊपर है,” ते आनंदानं म्हणाले. “छत पे. स्पेशल मंडप डाला है.”

तीन मजले होते. लिफ्ट नव्हती. अंथुर्ण्याची, शेळगावची आणि बारामतीची साठ-सत्तर माणसं नव्या कपड्यांत घाम पुसत चढत होती. आबांचे गुडघे दुखरे. दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला टेकून थांबले.

“सर,” त्यांनी विचारलं, “खाली जागा न्हवती का?”

“थी ना. पर आपका रिवाज है न, पहला खाना ऊपर. दत्तात्रयजी बोले थे.”

आबांनी सावकाश माझ्याकडं मान वळवली. मागच्या पायरीवर सुनंदा होती, तिनंही वळवली.

“कसला रिवाज, दत्तूराव?”

मी कठड्यावरून खाली बघायला लागलो. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. आबांनी फेट्याच्या शेमल्यानं वारा घेतला, श्वास जुळवला आणि अगदी शांतपणे म्हणाले,

“तुमी कानडी शिकला, माणसं उठून गेली. हिंदी बोलला, माणसं वर चढली. आता एक काम करा. गप बसायची भाषा कुठं शिकवत्यात ते बघा आन् ती शिका.”

मी शिकतोय. पण अजून नीट जमत नाही. नाहीतर हे सगळं तुम्हाला सांगत बसलो असतो का?